समुद्रापासून दूर समुद्री वाम : पांढुर्णा व सौंसर भागातील हौशी पालकांसाठी

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके संत्र्यांच्या बागा आणि कापूस यांसाठी ओळखले जातात. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आलेला पांढुर्णा जिल्हा याच दोन तालुक्यांचा बनलेला आहे. येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी पाचशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. जाम नदीत पडलेला पावसाचा थेंब कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशा चार नद्यांतून प्रवास करतो, तेव्हा कोठे तो बंगालच्या उपसागरास मिळतो.

अशा प्रदेशात समुद्रातील मासा घरी पाळण्याचा विचार काही वर्षांपूर्वी कोणी बोलून दाखविला असता, तर तो थट्टेचा विषय झाला असता. आता तसे राहिलेले नाही. पाण्यात विरघळवून वापरावयाचे तयार सागरी क्षार, पाणी शुद्ध करण्याची घरगुती यंत्रे व प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून होणारी माशांची वाहतूक यांमुळे ही हौस किनाऱ्यापुरती मर्यादित राहिलेली नाही. तीत पडणाऱ्यांचे लक्ष बहुधा प्रथम वेधून घेते ती पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीची आणि पिवळ्या ठिपक्यांची, सापासारखी दिसणारी वाम. विक्रेते तिला ‘स्नोफ्लेक ईल’ म्हणतात. ती काटक असते, लवकर माणसाळते आणि फारशी महागही नसते, असे सांगितले जाते. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीत मात्र केवळ वामेची किंमत धरलेली असते. तिच्यासाठी जे पाणी वर्षानुवर्षे सांभाळावे लागते त्याचा हिशेब त्यात नसतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हे पाणीच आहे.

वाम कोणती आणि कशी

कन्हान नदीच्या बाजारात वाम किंवा बाम म्हणून जो लांबट मासा मिळतो, त्याच्या पाठीवर काट्यांची रांग असते. शास्त्रीय वर्गीकरणानुसार तो खऱ्या वामींच्या कुळातील नाही. खऱ्या वामींपैकी गोड्या पाण्यात राहणारी आपल्याकडील जात म्हणजे अहिर. ती नदीत वाढते व अंडी घालण्यासाठी समुद्रात जाते. स्नोफ्लेक ईल ही तिसरीच. तिचे शास्त्रीय नाव एकिडना नेब्युलोसा असून ती ‘मोरे’ वामींच्या कुळात मोडते. (या नावाचा महाराष्ट्रातील आडनावाशी काही संबंध नाही. ते पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलेल्या एका जुन्या लॅटिन शब्दाचे रूप आहे.) आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरापर्यंत प्रवाळांच्या उथळ पाण्यात, तसेच ओहोटीच्या वेळी खडकांत साचून राहणाऱ्या डबक्यांत ती राहते. लक्षद्वीप व अंदमान बेटांच्या परिसरातही ती आढळते. निसर्गात तिची लांबी एक मीटरपर्यंत जाऊ शकते. टाकीत ती बहुधा ५० ते ७५ सेंटिमीटर होते.

तिच्या अंगावर खवले नसतात, जाड बुळबुळीत थर असतो. छातीवरचे व पोटाखालचे पर नसल्यामुळे ती अरुंद फटीतून सहज सरकते. दृष्टी अधू पण वास घेण्याची शक्ती तीव्र असते. ती सतत तोंड उघडमीट करते ते कोणास भिववण्यासाठी नव्हे. कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्याची ती रीत आहे. कल्ल्याचे छिद्र लहान असल्याने तिला हे करावेच लागते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ही एक गोष्ट समजावून सांगितली तर टाकीच्या काचेवर टिचक्या मारण्याचे प्रकार निम्म्याने कमी होतात.

मोरे वामींच्या तोंडाची रचना हा प्राणिशास्त्रातील एक विलक्षण भाग आहे. बहुतेक मासे तोंड एकदम उघडून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढतात. मोरे वामीस अरुंद फटीत डोके खुपसून शिकार करावी लागते व तेथे असे ओढणे जमत नाही. तिच्या घशात दातांचा दुसरा जबडा असतो. पुढील जबड्याने भक्ष्य धरल्यावर हा मागील जबडा पुढे सरकतो, भक्ष्यास पकडतो आणि अन्ननलिकेकडे खेचून नेतो. रीटा मेहता व पीटर वेनराइट या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे कार्य दाखवून दिले. पुढे २०२१ मध्ये मेहता यांनी आणखी एका सहकाऱ्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच स्नोफ्लेक जात पाण्याबाहेर येऊन, जमिनीवर भक्ष्य पकडून, पाण्याच्या आधाराशिवाय गिळू शकते हे प्रशिक्षित वामींच्या साहाय्याने सिद्ध झाले. ओहोटीच्या वेळी ओल्या खडकांवर खेकड्यांचा पाठलाग करणाऱ्या प्राण्याला हे कौशल्य उपयोगी पडते. टाकी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने यातून एकच गोष्ट निघते. पाण्याबाहेर पडणे हे या प्राण्याच्या स्वभावातच आहे. घरी पाळलेल्या मोरे वामी मरण्याची जी कारणे नेहमी आढळतात, त्यांत रात्री टाकीबाहेर पडून जमिनीवर सुकून जाणे हे एक प्रमुख कारण आहे.

वाम पाळण्याची हौस तशी फार जुनी आहे. प्राचीन रोममधील धनिक समुद्रकाठी बांधलेल्या तळ्यांत मोरे वामी पाळीत. अँटोनिया नावाच्या एका स्त्रीने तर आपल्या आवडत्या वामेस कर्णभूषणे घातली होती, असे प्लिनी नमूद करतो. परंतु त्या तळ्यांत समुद्राचेच पाणी खेळविलेले असे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पांढुर्ण्यास ती सोय नाही. येथे समुद्र घरीच तयार करावा लागतो.

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी नव्हे

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराईड ५५ टक्के, सोडियम साडेतीस टक्के, सल्फेट पावणेआठ टक्के, मॅग्नेशियम पावणेचार टक्के आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याहून किंचित अधिक अशी वाटणी असते. उरलेल्या अत्यल्प भागात इतर अनेक मूलद्रव्ये येतात. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. खुल्या समुद्राचे पाणी कोठे अधिक व कोठे कमी खारट असले, तरी मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते, हे त्यातून दिसून आले. समुद्री माशांचे शरीर या प्रमाणास सरावलेले असते. किराणा दुकानातील आयोडीनयुक्त मीठ असो वा खडेमीठ असो, ते मोजून पाण्यात टाकल्याने खारटपणा बरोबर येईल, पण प्रमाण साधणार नाही.

विदर्भातील वाचकांच्या मनात येथे पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. तेथील विहिरींचे खारे पाणी वापरले तर काय होईल? भूगर्भातील खाऱ्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण समुद्रापेक्षा वेगळे असते. हरियाणातील खाऱ्या भूजलात कोळंबी पाळण्याचे प्रयोग झाले, तेव्हा त्या पाण्यात पोटॅशियम फार कमी असल्याचे आढळले. खारटपणा पुरेसा असूनही पोटॅशची भर घातल्याशिवाय कोळंबी तगत नसे. तेव्हा जिभेला खारट लागते एवढ्यावरून पाणी समुद्री ठरवू नये.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची ही अडचण दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. लंडनच्या रहिवाशांना किनाऱ्यावरून पाणी आणणे परवडेना, म्हणून फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराईड व पोटॅशियम क्लोराईड या चार क्षारांपासून पाणी तयार करून त्यात समुद्री जीव जगविले. आज बाजारात मिळणारे तयार सागरी क्षार हे त्याच मार्गावरचे पुढील पाऊल होय. घरी क्षार मिसळण्याचा खटाटोप न करता हे तयार मिश्रणच घ्यावे. ज्या कामात चूक झाल्याचे मासा मेल्यावरच कळते, तेथे काटकसर करू नये.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. एका स्नोफ्लेक वामेस ही टाकी पुरते, याहून लहान पुरत नाही. एवढ्या पाण्यास सुमारे पावणेनऊ किलो क्षार लागतात. दरमहा एक पंचमांश पाणी बदलावयाचे, म्हणजे ५० लिटरांमागे पावणेदोन किलो क्षार नियमित खर्ची पडतात. काच, दगड व पाणी मिळून वजन ३०० किलोंच्या पुढे जाते. तेव्हा टाकी माडीवर न ठेवता तळमजल्यावर, सपाट व भक्कम ओट्यावर ठेवणे योग्य.

क्षार ज्या पाण्यात मिसळावयाचे ते पाणीही विचारात घ्यावे लागते. या भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. शिवाय बागांना दिलेल्या खतांतील नायट्रेट झिरपून त्यात उतरण्याचा संभव असतो. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रातील पाणी वापरावे. क्षार निराळ्या पिंपात विरघळवून ते पाणी पंपाने एक दिवस ढवळत ठेवावे आणि मगच टाकीत घालावे. मासा असलेल्या टाकीत कोरडे क्षार थेट टाकू नयेत. २५ अंश तापमानास विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावे.

हे पिंप कोणते, हा प्रश्न संत्र्यांच्या मुलखात विशेष महत्त्वाचा आहे. बागांवर फवारण्याच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद पडते. तांबे खवलेरहित माशांस घातक ठरते. खेकडे, कोळंबी यांसारखे जीव तर तांब्याच्या अत्यल्प अंशानेही मरतात. बोर्डो मिश्रणासाठी, खतासाठी किंवा कीटकनाशकासाठी एकदा वापरलेले पिंप, बादली वा नळी कितीही धुतली तरी या कामास घेऊ नये. तांब्या-पितळेच्या हंड्यात साठविलेले पाणीही वर्ज्य. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणारी कित्येक औषधे तांबेयुक्त असतात. वाम असलेल्या टाकीत ती कधीही टाकू नयेत.

टाकीची मांडणी

वामेस दिवसा लपावयास बीळ हवे. ते नसेल तर ती अन्न सोडते. जिवंत प्रवाळ व प्रवाळखडक यांचा मोह येथे आवरावा लागतो. प्रवाळभित्ती रचणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. विक्रेता देत असला तरी घेऊ नये.

मग दगड कोठून आणावा? पांढुर्ण्याच्या बाजूस काळा पाषाण आहे. तो पाण्यात विशेष विरघळत नाही. नीट धुऊन, ब्रशने घासून वापरण्यास हरकत नाही. सौंसरच्या बाजूस मात्र भूगर्भ बदलतो. भूशास्त्रज्ञ ज्यास ‘सौंसर समूह’ म्हणतात ते अतिप्राचीन खडक या गावाच्या नावानेच ओळखले जातात. त्यांत संगमरवर आहे, तसेच मँगनीजचे खनिजही आहे. काळपट, जड, धातूसारखी चमक असलेला किंवा डाग सोडणारा दगड टाकीसाठी निवडू नये. दगडांची रास पडून वामेवर येणार नाही अशा बेताने ती थेट टाकीच्या तळावर रचावी आणि वाळू नंतर पसरावी. वाळूवर रचलेले दगड वाम उकरून पाडते. सर्वांत सोपे बीळ म्हणजे शेतीच्या पाइपलाइनसाठी मिळणाऱ्या दोन-अडीच इंची प्लास्टिक नळीचा नवा तुकडा. दिसावयास तो शोभिवंत नसतो. वामेस तो फार आवडतो.

झाकणाची व्यवस्था काळजीपूर्वक करावी. वामेचे डोके जेथून जाते तेथून ती पूर्ण बाहेर पडते, म्हणून बोटभर फटही मोठी समजावी. वायर व नळ्या जेथून आत येतात त्या जागा जाळीने बंद कराव्यात. झाकण केवळ ठेवून भागत नाही, कारण तरुण वामही ते सहज उचलते. चाप बसवावेत किंवा वजन ठेवावे. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडावर गाळणी असावी. हिवाळ्यात येथील रात्री थंड असतात व विजेचा हीटर लावावा लागतो. त्यास प्लास्टिकचे जाळीदार आवरण घालावे. ऊब मिळते म्हणून वाम हीटरला वेटोळे घालते व भाजते.

टाकी भरली म्हणजे मासा सोडावयास हरकत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राईट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी असून तिसरे पाणी बदलून काढता येते. हे जंतू गाळणीत व दगडांवर स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाणी अल्कधर्मी असते. त्यामुळे अमोनियाचा विषारी भाग उदासीन गोड्या पाण्याच्या मानाने सुमारे दहापट भरतो. गोड्या पाण्यात जी घाई पचून जाते ती येथे पचत नाही. शिवाय वाम हा भरपूर मांसाहार करणारा व त्याच मानाने पाणी खराब करणारा प्राणी आहे. म्हणून साध्या गाळणीबरोबर प्रोटीन स्किमर हे उपकरणही बसवावे. बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील चिकट सेंद्रिय मळ ते वर काढून टाकते. आमटी उकळताना वर येणारी मळी काढावी तसाच हा प्रकार.

मे महिना

नागपूर-पांढुर्णा पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. वामेस २४ ते २७ अंश तापमान मानवते. ३० अंशांवर ते सतत राहिले तर धोका सुरू होतो. यामागील कारण समजून घेतले पाहिजे. पाणी जितके उष्ण व जितके खारट, तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो. २५ अंशांस एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपास असतो. ३५ अंशांस समुद्राच्या पाण्यात तो पावणेसहाच्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेने वामेची व जंतूंची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

माठातील पाणी का गार राहते हे येथे प्रत्येकास ठाऊक आहे. टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास त्याच तत्त्वाने पाणी दोन ते चार अंशांनी गार होते. वैशाखातील कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, आषाढातील दमट हवेत फारसा चालत नाही. पण त्यास दोन अटी आहेत. काचेचे झाकण असेल तर वाफ बाहेर पडणार नाही. तेव्हा झाकण मजबूत प्लास्टिक जाळीचे असावे व ते चापांनी आवळलेले असावे. दुसरे असे की, वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. २५० लिटरांतून १० लिटर पाणी उडाले तर ३५ चा खारटपणा साडेछत्तीसवर जातो. म्हणून उन्हाळ्यात रोज खुणेपर्यंत भर घालावी आणि ती शुद्ध गोड्या पाण्याची घालावी. खाऱ्या पाण्याची भर घालणे ही नवख्यांची हमखास होणारी चूक आहे. तिने खारटपणा दिवसेंदिवस चढत जातो.

तथापि खोलीचेच तापमान ३६ अंश असेल तर पंखा पाणी फार तर ३२ अंशांवर आणील, आणि ते पुरेसे नाही. अनेकजण अशा वेळी बर्फाचा आधार घेतात. हिशेब असा आहे की, दोन लिटर पाणी गोठविलेली एक बंद बाटली २५० लिटर पाण्याचे तापमान जेमतेम एका अंशाने उतरविते. संकटकाळी ती उपयोगी पडते, महिनाभर तिच्यावर विसंबता येत नाही. पाणी गार करणारे यंत्र किंवा वातानुकूलित खोली यांपैकी एक सोय मे महिन्यासाठी करावीच लागते. ज्यास ती शक्य नसेल त्याने या भागात समुद्री वाम पाळू नये, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

वीज गेल्यावर काय होते याचाही आधीच विचार असावा. ओहोटीच्या डबक्यांची सवय असल्याने वाम स्वतः काही तास निभावून नेते. पाणी वाहते न राहिल्यामुळे बंद गाळणीतील जंतू मात्र गुदमरू लागतात आणि वीज परतल्यावर ते मेलेले पाणी टाकीत येते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नेहमी सज्ज ठेवावा. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास गाळणी धुऊन मगच सुरू करावी व त्यानंतर दोन दिवस वामेस खाणे देऊ नये.

या सर्वांवरून एक व्यावहारिक सूचना करता येते. टाकी हिवाळ्याच्या अखेरीस मांडावी, पाणी तयार करावे, जंतू स्थिर होऊ द्यावेत, आणि वामेशिवाय ती मे महिन्यातून चालवून पाहावी. रोज सकाळी व दुपारी तीन वाजता तापमान आणि आठवड्यातून दोनदा विशिष्ट गुरुत्व वहीत लिहावे. पारा २८ अंशांच्या वर टिकून न राहता जून उजाडला, तर पावसाळ्यानंतर वाम आणावी. ती वही तसे सांगत नसेल तर गोड्या पाण्यातील माशांची हौस काही कमी आनंददायी नाही. ही सूचना अनेकांस लांबणीची वाटेल. परंतु बाजारात येणारी प्रत्येक मोरे वाम समुद्रातून पकडलेली असते. तिची पिले पारदर्शक, पानासारखी चपटी असून दीर्घकाळ समुद्रात तरंगत वाढतात, आणि व्यापारासाठी त्यांची पैदास अद्याप साधलेली नाही. पांढुर्ण्याच्या उन्हाळ्यात मेलेल्या वामेची जागा घेण्यासाठी दुसरी समुद्रातूनच काढावी लागते. नीट सांभाळली तर तीच वाम दहा-पंधरा वर्षे जगते.

आणणे, खाऊ घालणे

विक्रेत्याकडे वाम खाते किंवा नाही हे प्रत्यक्ष पाहूनच ती घ्यावी. प्रवासाची पिशवी दुहेरी असावी. घरी आल्यावर पिशवीतील पाणी एका झाकणाच्या बादलीत काढून त्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडावे व तास-दीड तासाने वाम टाकीत सोडावी. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. नवीन जागी वाम आठवडा, दोन आठवडे कधी त्याहून अधिक काळ काही खात नाही. पाणी चांगले असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

स्नोफ्लेक वामेचे दात बोथट असतात, ते खेकड्यांची कवचे फोडण्यासाठी. कोळंबी (या भागात जिला झिंगे म्हणतात), माकूल, समुद्री माशाचे तुकडे व खेकडा यांपैकी पदार्थ आलटून पालटून द्यावेत. एकाच पदार्थावर ठेवल्यास जीवनसत्त्वांची उणीव होते. बर्फातील माल पूर्ण वितळू द्यावा व गोड्या पाण्यात खळाळून घ्यावा. सुकट, खारवलेले बोंबील वगैरे देऊ नयेत. शेतातील वा ओढ्यातील खेकडे फुकट मिळतात म्हणून घालण्याचा मोह होतो. कपाशीवर व संत्र्यांवर फवारलेली औषधे त्यांच्या अंगात असू शकतात, म्हणून ते टाळावेत. लहान वामेस आठवड्यातून दोन-तीन वेळा, वाढलेलीस एक-दोन वेळा खाणे पुरे. उरलेला तुकडा तासाभरात बाहेर काढावा.

अन्न नेहमी लांब प्लास्टिकच्या चिमट्याने किंवा बांबूच्या काडीला लावून द्यावे. हाताने देऊ नये. वाम मालकास ओळखू लागते, चिमटा दिसताच बिळातून डोके काढते आणि मग बोटाने देऊन पाहण्याची इच्छा होते. तिला दिसते कमी, वास मात्र कळतो. झिंग्याचा वास लागलेले बोट आणि झिंगा यांत ती फरक करीत नाही. चावा झालाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. टाकीत हात घालावयाचा तो खाणे देण्याच्या वेळी नव्हे, आणि विजेची सर्व उपकरणे बंद करूनच. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे.

सोबतीस लहान मासे, कोळंबी किंवा खेकडे ठेवू नयेत. ते सोबती ठरत नाहीत. वाम एकटी चांगली राहते.

जुने पाणी टाकताना

दर महिन्यास काढलेल्या ५० लिटर पाण्यात पावणेदोन किलो क्षार असतात. घरातील सांडपाणी परसातल्या झाडांना देण्याची आपल्याकडील पद्धत चांगली आहे, पण हे पाणी त्यास अपवाद समजावे. फळझाडांत संत्रा-मोसंबीचा वर्ग क्षारांस विशेष नाजूक असतो. वर्षभर एकाच आळ्यात हे पाणी पडत राहिले तर वीस किलोंहून अधिक क्षार त्या मातीत साठतील. आधी पानांच्या कडा करपतील, मग झाड वाळेल. विहिरीच्या जवळपासही ते ओतू नये. ते बंद गटारात, भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडावे.

वाम सांभाळणे पुढे अशक्य झाले, तर ती जाम किंवा कन्हान नदीत सोडून मोकळे होण्याचा विचार करू नये. गोड्या पाण्यात तिचे शरीर बाहेरील पाणी शोषून घेते, आतील क्षार गमावते आणि ती तडफडून मरते. जेथून ती घेतली त्या विक्रेत्याकडे, अथवा समुद्री टाकी चालविणाऱ्या दुसऱ्या हौशी पालकाकडे ती द्यावी. वाम विकत घेतानाच विक्रेता ती परत घेईल किंवा नाही, हे विचारून ठेवणे बरे.